मधल्या इयत्तेचा पियानो

घरी पाहुणे आले की चहा व्हायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "अगं, तू पियानो शिकतेस ना? मग काहीतरी ओळखीचं वाजव की!" मुलगी आईकडे बघते, आई डोळ्यांनी खुणावते आणि मुलगी नाइलाजानं उठते. 'फ्यूर एलिझे'चं पहिलं पान वाजतं. सगळे टाळ्या वाजवतात. दुसरं पान येतच नाही, कारण ते पाहुण्यांना ठाऊक नसतं आणि मुलीला जमत नसतं.

हे दृश्य मी अनेक घरांत पाहिलं आहे. आमच्या घरात तर मीच त्याचा सूत्रधार होतो. आजचा लेख म्हणजे थोडीशी कबुली आहे आणि थोडं मत.

आधी माझी योग्यता सांगून टाकतो, म्हणजे पुढे तक्रार नको. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातलंच. संगीताशी संबंध एवढाच की प्रार्थनेला पेटीवर मीच बसायचो. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर. पियानो मी सिनेमातच पाहिला होता. त्यावर नायक बसायचा, नायिका शेजारी उभी राहायची आणि नायकाची बोटं एकीकडे नि सूर दुसरीकडे असायचे. एवढंच माझं ज्ञान.

२०१७ मध्ये नात सात वर्षांची असताना तिला पियानोच्या क्लासला घातलं. मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीत, त्यामुळे नेण्या-आणण्याचं काम रिकामटेकड्या आजोबांकडे आलं. क्लास घेणाऱ्या बाई मूळच्या गोव्याच्या. सगळे त्यांना 'मिस' म्हणतात, म्हणून मीही मिसच म्हणतो, जरी त्या साठीच्या पुढच्या आहेत. गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात चर्चला जोडलेल्या गावशाळांतून मुलांना सुरावलीचं वाचन शिकवत असत. मिसचे वडील आणि आजोबा त्याच परंपरेतले. भिंतीशी एक बाकडं आहे, तिथे पालकांनी बसायचं. इतर पालक मोबाईल बघत बसतात. मला मोबाईल नीट बघता येत नाही, म्हणून मी ऐकत बसलो. आठ वर्षं ऐकलं की दगडालाही थोडं कळतं.

पहिली दोन-तीन वर्षं सोपी असतात. सुरुवातीची पुस्तकं आखीव असतात, त्यात चुकायला फारसा वावच नाही. शेवटची वर्षंही एका अर्थानं सोपी, कारण तिथपर्यंत पोचलेला विद्यार्थी स्वतःच वाट काढतो. अवघड असते ती मधली अवस्था. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांत प्रवेशिका आणि विशारद यांच्या मध्ये 'मध्यमा' असते, तसंच. पियानोच्या आठ ग्रेडांच्या परीक्षांत साधारण तिसरी ते पाचवी ग्रेड. मूल आता लहान राहिलेलं नसतं, पण मोठंही झालेलं नसतं. शाळेत आम्ही सातवी-आठवीबद्दल हेच म्हणायचो. बडबडगीतं दिली तर हसतात, आणि पंडिती काव्य दिलं तर खिडकीबाहेर बघतात. याच टप्प्यावर सर्वांत जास्त मुलं पियानो सोडतात, असं मिस म्हणतात. का सोडतात, ते मला आमच्याच घरात कळलं.

२०२२ साली माझी पंचाहत्तरी होती. मुलानं हॉल घेतला. कार्यक्रमात नातीनं पियानो वाजवावा अशी माझी इच्छा, आणि वाजवायचं तर काहीतरी 'दणदणीत' वाजवावं! यूट्यूबवर मी बीथोवनच्या 'मूनलाइट' सोनाटाचा तिसरा भाग ऐकला होता. वादळच ते! एका तरुण मुलीची बोटं पट्ट्यांवरून अशी धावत होती की मी तीन वेळा बघितलं. मी मिसना म्हणालो, "हे बसवा." मिस म्हणाल्या, "सर, अजून चार-पाच वर्षं तरी नको." मी ऐकलं नाही. मुलानंही माझीच री ओढली. आजोबांची पंचाहत्तरी पुन्हा येते का? मिसनी दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा मान डोलावली. त्या बिचाऱ्या तरी काय करणार, फी देणारे आम्ही.

आठ महिने ती मुलगी त्या पानांशी झगडली. आठ महिन्यांत दुसरं काहीही वाजवलं नाही. नोटेशन वाचणं तिनं सोडून दिलं, कारण एवढे स्वर वाचून वाजवणं तिला शक्यच नव्हतं. व्हिडिओ बघून कुठल्या पट्टीनंतर कुठली पट्टी, हे ती पाठ करायची. मनगट दुखायला लागलं. मी रोज विचारायचो, "किती झालं?" जणू भिंत बांधायला दिली होती! कार्यक्रमाच्या दिवशी दुसऱ्या पानावर ती थांबली. परत पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबली. मग उठली आणि आत निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्याच तिला जास्त लागल्या. पुढचे तीन महिने घरातल्या कीबोर्डवरचं कापड निघालं नाही.

मंडळी, मी आयुष्यभर शिक्षक होतो. वर्गात कधी एखाद्या मुलाला त्याच्या आवाक्याबाहेरची कविता इन्स्पेक्टरसमोर म्हणायला उभं केलं नाही, याचा मला अभिमान होता. आणि घरच्या मुलीला मी तेच केलं. कारण? मला मिरवायचं होतं. असो.

तीन महिन्यांनी मिसनी स्वतः फोन केला. "तिला घेऊन या. शिकवणार नाही, नुसतं बसू दे." ती गेली. मिसनी तिच्यासमोर एकच पान ठेवलं. शूमानच्या 'आल्बम फॉर द यंग'मधलं, 'पहिला वियोग' अशा अर्थाच्या नावाचं. मी बाकड्यावर होतो. तिनं हळूहळू वाचायला घेतलं आणि एका बैठकीत, अडखळत का होईना, ती शेवटापर्यंत पोचली. आठ महिन्यांनंतर ती पहिल्यांदाच कुठल्यातरी शेवटापर्यंत पोचली होती! साधी, उदास सुरावट. शेवटाकडे मात्र अचानक काही जोरकस कॉर्ड येतात, रडता रडता मूल पाय आपटतं ना, तसे. त्या कॉर्डवर तिनं जो हात आपटला, तो फक्त शूमानसाठी नव्हता हे मला कळलं. मी खाली बघत बसलो.

त्या दिवसापासून 'मुलाला कुठली रचना द्यावी' हा माझ्या विचाराचा विषय झाला. माझं मत थोडक्यात असं : मधल्या टप्प्यावर रचना निवडताना ती किती प्रसिद्ध आहे हे बघू नये, ती मुलाच्या हातात किती दिवसांत बसेल हे बघावं. मिसचा हिशेब साधा आहे. संथ लयीत पहिल्या वाचनात रचना शेवटापर्यंत जायला हवी. तीन-चार आठवड्यांत ती वाजू लागायला हवी. आणि एका रचनेत नवी अडचण एकच असावी, पाच नव्हेत. मी धडे शिकवताना हेच पाळत होतो. उताऱ्यात ओळीला एक अनोळखी शब्द असला तर मूल अंदाजानं पुढे जातं. पाच असले तर पुस्तक मिटतं.

कुणी म्हणेल, म्हणजे सोपं-सोपंच वाजवायचं का? इथेच आपली गल्लत होते. सोपं आणि हलकं यांत फरक आहे. आपल्याकडे भूप आणि यमन सुरुवातीलाच शिकवतात, म्हणून मोठे गायक मैफिलीत यमन गात नाहीत का? पियानोतही थोरामोठ्यांनी मुलांसाठी मनापासून लिहिलेलं आहे, आणि ते उरलंसुरलं नाही.

शूमाननं हा आल्बम १८४८ साली थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसाच्या निमित्तानं लिहायला घेतला. पुढे त्रेचाळीस रचना झाल्या. पहिल्या अठरा लहानांसाठी, पुढच्या जरा मोठ्यांसाठी. त्यातली 'आनंदी शेतकरी' ही माझी लाडकी, कारण तिच्यात मुख्य चाल डाव्या हातात आहे! आम्हा पेटीवाल्यांचा डावा हात जन्मभर भाताच मारत राहिला, त्याला कधी गाणं मिळालंच नाही. त्यामुळे नातीचा डावा हात गाताना ऐकून मला काय वाटलं, ते पेटीवाल्यालाच कळेल.

बाखची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या नावावर शिकवला जाणारा जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट त्याचा नाहीच, तो क्रिस्टियान पेट्झोल्ड नावाच्या संगीतकाराचा आहे. बाखच्या बायकोच्या, आना माग्दालेनाच्या, १७२५ च्या वहीत तो उतरवलेला होता, म्हणून बाखच्या नावावर चढला. पण त्या वहीमुळे एक गोष्ट कळते : त्या घरात बायकामुलं वाजवतील अशा छोट्या चिजांची वही होती, जशी आपल्याकडे आजीच्या ओव्या-आरत्यांची असायची. थोरल्या मुलासाठी बाखनं १७२० मध्ये अशीच एक वही सुरू केली. त्यातूनच पुढे पंधरा 'इन्व्हेन्शन्स' आल्या. १७२३ च्या प्रतीवर त्यानं त्यांचा हेतूही लिहून ठेवला आहे. शिकणाऱ्याला दोन स्वतंत्र आवाज स्वच्छ वाजवता यावेत आणि वाजवणं गायल्यासारखं व्हावं, असा तो हेतू. उजवा हात एक वाक्य बोलतो, डावा तेच वाक्य उचलतो, आणि मग दोघं एकमेकांना थांबवत-पुढे ढकलत जातात. पहिली इन्व्हेन्शन दोन पानांची आहे. नातीला तिला दोन महिने लागले, पण त्या दोन महिन्यांत रोज काहीतरी जमत होतं. मूनलाइटच्या आठ महिन्यांत रोज काहीतरी बिघडत होतं. मेहनत दोन्हीकडे होती, फरक एवढाच.

क्लेमेंटीच्या ओपस ३६ मधल्या सहा सोनाटिना १७९७ च्या. स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांसारख्या. बोटं सारखी पडतात की नाही ते त्यात लगेच दिसतं. बीथोवनच वाजवायचा हट्ट असेल तर ओपस ४९ मधल्या दोन छोट्या सोनाटा आहेत. त्या १८०५ साली 'सोप्या सोनाटा' म्हणूनच छापल्या गेल्या. त्यातली दुसरी, जी मेजरमधली, पाचव्या ग्रेडच्या आसपासचं मूल आनंदानं वाजवतं. पूर्ण बीथोवन, तुकडा नव्हे! मी जर तेव्हा मिसना "बीथोवनचं काहीतरी द्या" एवढंच म्हणालो असतो, तर पंचाहत्तरी छान झाली असती.

मोझार्टच्या सी मेजरमधल्या सोनाटाबद्दल मात्र सावध राहावं. १७८८ मध्ये त्यानं स्वतःच्या यादीत ती 'नवशिक्यांसाठी' अशी नोंदवली, पण मोझार्टचे नवशिके आणि आपले नवशिके यांत अंतर आहे. तिच्यात लपायला जागा नाही. एक स्वर जड पडला तरी पाटीवरच्या खडूच्या डागासारखा दिसतो.

आता जरा वेगळी चव. हंगेरीच्या बार्टोकनं गावोगाव फिरून लोकगीतं गोळा केली, आणि १९०८-०९ मध्ये त्यातली कितीतरी मुलांसाठी पियानोवर मांडली. पुढे त्यानं 'मिक्रोकॉसमॉस' नावाची एकशे त्रेपन्न रचनांची सहा भागांची माळ लिहिली. पहिले दोन भाग स्वतःच्या मुलाला, पेटरला, अर्पण केलेले. चौथ्या भागात 'बल्गेरियन ताल' नावाच्या रचना आहेत, त्यातली एक सात मात्रांची आहे. वर्गातली इतर मुलं तिथे बोटं मोजत बसली होती. नातीनं मात्र घरी आल्यावर मला विचारलं, "आबा, तुमच्या रूपकात पण सातच ना?" मात्रांचे गट वेगळे असतात, पण सात म्हणजे काय हे तिच्या कानाला ठाऊक होतं. मांडीवर टाळी देत मी तिला साथ केली. आमच्या घरात पेटी आणि पियानो त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र बसले.

चायकोव्हस्कीनं १८७८ मध्ये भाच्यासाठी चोवीस छोट्या रचना लिहिल्या. त्यात आजारी बाहुली आहे, बाहुलीची अंत्ययात्रा आहे आणि नवी बाहुलीही आहे. रशियाच्या काबालेव्हस्कीनं तर मुलांसाठी ढीगभर लिहिलं, आणि तो स्वतः शाळेत जाऊन मुलांना शिकवायचाही. त्याच्या खट्याळ, तुरुतुरु पळणाऱ्या रचना बारा-तेरा वर्षांच्या मुलग्यांना फार आवडतात, ज्यांना 'हळुवार' शब्द ऐकला तरी लाज वाटते. शोपँ हवा असेल तर ए मेजरमधलं सोळाच मापांचं प्रिल्यूड आहे. त्यात एकाच ठिकाणी मोठा कॉर्ड येतो, तिथे लहान हात पुरत नाही. तेवढा स्वर एकामागोमाग वाजवून घ्यावा. शोपँ रागावणार नाही.

हाताचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा पंजा बऱ्याचदा पूर्ण सप्तकाला पुरत नाही. ताणून ताणून सप्तकं वाजवायला लावणं म्हणजे मोठ्याची चप्पल घालून शर्यतीत पळवणं. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पियानो नसतो, एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड असतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. मोझार्टच्या काळचा पियानोही साधारण पाच सप्तकांचाच होता. त्या काळच्या पुष्कळशा रचना एवढ्या पट्ट्यांत बसतात. फक्त पट्टी हळू दाबली तर आवाज हळू आणि जोरात दाबली तर मोठा, अशी सोय असलेला कीबोर्ड घ्यावा. पियानोचं सगळं मर्म त्यातच आहे. आमच्या पेटीला ते बोटांनी जमत नाही.

माझ्या मतावर तीन आक्षेप येतात. पहिला : मुलांना प्रसिद्ध रचनाच वाजवायच्या असतात, नाहीतर उत्साह राहत नाही. हे खरं आहे. स्वप्नातली एक रचना प्रत्येकाला असावी. पण ती ताटात लोणच्यासारखी असावी, भातासारखी नको. आठवड्यात थोडा वेळ तिच्याशी खेळावं, तारीख लावू नये.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. दरवर्षी एक ग्रेड, म्हणजे वर्षाला तीन-चार रचना, त्याच घोटायच्या. पाच वर्षांनी मुलाच्या हाती पाचवी ग्रेड असते आणि उभ्या आयुष्यात वाजवलेल्या रचना पंधरा-वीस. पूर्ण पुस्तक न वाचता गाईड पाठ करून पास होणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना मार्क मिळाले, वाचनाची गोडी लागली नाही. परीक्षा द्यावी, मी तिच्या विरोधात नाही. पण दोन परीक्षांच्या मध्ये एक वर्ष असं असावं की ज्यात मुलानं पंधरा-वीस छोट्या रचना नुसत्या वाजवून सोडून द्याव्यात. बुर्गम्युलरच्या ओपस १०० मधल्या पंचवीस रचना त्यासाठीच केल्यासारख्या आहेत. नावाला सराव, पण प्रत्येकीत एक चित्र.

तिसरा आक्षेप : मोठ्या रचनांची सोपी रूपं मिळतात, ती का देऊ नयेत? इथे मी थोडा डळमळतो. कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या मीही वर्गात वाचायला दिल्या आहेत, आणि त्यातून पुढे मूळ पुस्तकाकडे गेलेली मुलंही आहेत. तरीही मला वाटतं, मोठ्या देवळाचं थर्माकोलचं रूप करण्यापेक्षा गावाबाहेरचं छोटं, पण दगडी देऊळ बरं. ते लहान असलं तरी पूर्ण असतं.

नात आता सोळाची आहे. या दिवाळीत पाहुणे आले होते. कुणी काही म्हणायच्या आधीच ती उठली आणि तिनं ग्रिगचं 'आरिएटा' वाजवलं. दीड मिनिटाचं काम. ग्रिगच्या सहासष्ट 'लिरिक पीसेस'पैकी हे पहिलं, १८६७ चं. चौतीस वर्षांनी, १९०१ मध्ये, त्यानं त्या माळेतली शेवटची रचना लिहिली, तेव्हा हीच चाल पुन्हा घेतली आणि तिला वॉल्ट्झची लय दिली. म्हाताऱ्या माणसाला शेवटी दीड मिनिटाची सोपी चालच आठवावी, यात काहीतरी आहे. पाहुण्यांना ती ओळखीची नव्हती. टाळ्या वाजवायच्या की नाही, हेही त्यांना क्षणभर कळलं नाही. मला त्या न कळण्याचाच फार आनंद झाला.

नंतर मी तिला हळूच म्हणालो, "बाळ, तेव्हा माझं चुकलं हो." ती म्हणाली, "आबा, ते मूनलाइट मी पुन्हा काढलंय. पहिली दोनच पानं. घाई नाही." मी "किती झालं?" असं विचारलं नाही. जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

तेव्हा माझ्या वयाच्या सगळ्या आजी-आजोबांना एवढीच विनंती. घरातलं मूल काही वाजवायला शिकत असेल, तर चारचौघांत "ओळखीचं वाजव" असं म्हणू नका. "तुला आवडतं ते वाजव" म्हणा. ओळख काय, ऐकता ऐकता होतेच.